अस्वलांच्या घरातील लकोटा : एका भाषांतरित ॲनिमेशन मालिकेची चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेतील साउथ डकोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांत बोलली जाणारी लकोटा ही मूलनिवासी भाषा आज मुख्यतः वृद्धांच्या तोंडी उरली आहे. ती लहान मुलांच्या कानी पडावी, या हेतूने २०११ साली स्टँडिंग रॉक जमात आणि लकोटा लँग्वेज कन्सोर्टियम यांनी ‘बेरेनस्टेन बेअर्स’ या इंग्रजी ॲनिमेशन मालिकेचे २० भाग लकोटा भाषेत आणले. तेथील सार्वजनिक दूरचित्रवाणीवरून ते प्रसारित झाले. स्टॅन आणि जॅन बेरेनस्टेन या दांपत्याने १९६२ पासून लिहिलेल्या अस्वल-कुटुंबाच्या बालपुस्तकांवर मूळ मालिका बेतलेली आहे. नवे ॲनिमेशन करणे अत्यंत खर्चिक असते. त्यामुळे तयार चित्रांवर स्वभाषेतील संवाद चढविण्याचा मार्ग साधनांची वाण असलेल्या भाषेला सोयीचा वाटणे स्वाभाविक आहे. चित्र तेच ठेवून भाषा बदलली असता मुलाच्या पदरी नेमके काय पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संवादांची जमेची बाजू

लकोटा भाषेत बोलणारा पुरुष आहे की स्त्री, यानुसार वाक्याचा शेवट बदलतो. आज्ञा करताना पुरुष क्रियापदापुढे ‘यो’ हा प्रत्यय योजतो, तर स्त्री ‘ये’. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ असा भेद करणाऱ्या मराठी भाषकाला यातील मर्म सहज कळेल. शिक्षिका एकटीच बोलत असेल, तर वर्गातील मुलग्यांच्या कानी पुरुषाची बोली पडतच नाही. अस्वल-कुटुंबात आई, वडील, भाऊ आणि बहीण अशी पात्रे असल्याने दोन्ही बोली प्रसंगानुरूप ऐकविण्याची सोय त्यात आहे. पाठ्यपुस्तकातील तक्त्यापेक्षा हे साधन निश्चितच प्रभावी म्हणावे लागेल.

चित्राची मर्यादा

खरी अडचण नात्यांपाशी येते. लकोटा मुलगा थोरल्या भावाला ‘चिये’ म्हणतो, तर मुलगी ‘थिब्लो’. वडिलांचा भाऊ हाही ‘अते’, म्हणजे वडीलच. आईची बहीण ही ‘इना’, म्हणजे आईच. मराठीत ‘माय मरो पण मावशी जगो’ अशी म्हण आहे. लकोटात मावशीचे आईपण म्हणीपुरते न राहता नात्याच्या नावातच आले आहे. मूळ इंग्रजी मालिकेतील घर मात्र आईवडील आणि त्यांची मुले एवढ्यांचेच आहे. झाडातील त्या टुमदार घरात ‘अते’ हा शब्द उच्चारला तरी मुलाला एकच पिता दिसतो. शब्द लकोटा असला, तरी त्याचा अर्थ इंग्रजी ‘फादर’एवढाच संकोचतो.

मालिकेच्या लकोटा शीर्षकाचा अर्थ ‘दयाळू अस्वलांचे कुटुंब’ असा आहे. त्यातील कुटुंबवाचक शब्द ‘थिवाहे’ हा एका घरातील माणसांपुरता आहे. विस्तृत गोतावळ्यासाठी ‘थियोश्पाये’ हा वेगळा शब्द आहे. शीर्षकाची निवड चित्राशी प्रामाणिक आहे. परंतु लकोटा जीवनाचा कणा असलेला तो गोतावळा चित्राबाहेरच राहतो.

ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लिटल जे अँड बिग कझ’ या मालिकेशी तुलना येथे उद्बोधक ठरते. हीही प्रथम इंग्रजीत झाली आणि नंतर तिचे भाग पितजंतजतजारासारख्या मूलनिवासी भाषांत आले. मात्र तिच्यातील मुले आजीच्या घरी राहतात आणि चुलत-मावस भावंडे एकत्र वाढतात. भाषा नंतर आली, तरी नात्यांसाठी चित्रात जागा अगोदरच होती.

पडद्याची मर्यादा

२००३ साली पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी सुमारे नऊ महिन्यांच्या अमेरिकी बालकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष माणसाकडून मंदारिन ऐकणाऱ्या बालकांना त्या भाषेतील ध्वनिभेद ओळखता आला. पडद्यावरून तेच ऐकणाऱ्यांना आला नाही. हा निष्कर्ष मोठ्या मुलांना जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि नात्याच्या संबोधनांबाबत माणसाची गरज उघड आहे. ‘थिब्लो’ अशी हाक मारायला समोर भाऊ लागतो आणि हाकेला ओ देणाराही लागतो. पडदा ओ देत नाही.

निष्कर्ष

या मालिकेने लकोटा भाषेला मुलांच्या करमणुकीच्या वेळेत स्थान दिले, हे तिचे श्रेय नि:संशय आहे. मात्र तिच्या अनुकरणाने अन्य भाषांत काम करणाऱ्यांनी संहितेच्या आधी एक यादी करावी : या भाषेत कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो? त्या यादीतील माणसे मावतील असे घर चित्रकाराने रेखाटावे. ते शक्य नसेल आणि तयार चित्रेच वापरावी लागत असतील, तर मुलाशेजारी आजीला बसवावे. पडद्यावरच्या घरात नसलेली माणसे तीच दाखवू शकेल.