एनफील्ड १८५३ : मापात उतरलेलं सौंदर्य

बर्मिंगहॅममध्ये हातानं घडवलेली १८५३च्या नमुन्याची एनफील्ड रायफल कधी उकललेली पाहायला मिळाली, तर आधी तिचे स्क्रू पाहावेत. एकावर कानशीनं ओढलेली एक रेघ दिसते, दुसऱ्यावर दोन. ही नक्षी नव्हे, कारागिराची खूण आहे. हा स्क्रू याच भोकाचा, तो याच बंदुकीचा, एवढंच ती सांगते. त्याच नमुन्याची, पण लंडनजवळच्या एनफील्डमधल्या सरकारी कारखान्यात १८५८ नंतर यंत्रांवर बनलेली रायफल उकलली, तर या खुणांची गरज संपलेली असते. तिचा स्क्रू काढून शेजारच्या बंदुकीत त्याच जागी लावला तरी तो बसतो. या दोन बंदुकांपैकी मला दुसरी अधिक सुंदर वाटते.

जुन्या शस्त्रांच्या शौकिनांत हातकामाला मोठा मान आहे. दस्त्यावरचं कोरीव काम, पोलादात ठोकून बसवलेली सोन्याची तार, एखाद्या नामांकित कारागिराची सही. या सगळ्यापुढे ‘कारखान्याचा माल’ म्हटलं की डोळ्यांतली उत्सुकता मावळते. एनफील्डवर दागिना म्हणून काहीही नाही. अक्रोडाचा साधा, तेल पाजलेला दस्ता, ३९ इंची नळी, ती लाकडाला धरून ठेवणाऱ्या तीन लोखंडी पट्ट्या, पितळी कुंदापट्टी आणि चापाभोवतीचं पितळी कडं. एकूण लांबी सुमारे ५५ इंच आणि वजन सव्वाचार किलोच्या आसपास. तिचं सौंदर्य शोधायचं तर पृष्ठभागावरून आत, एका वस्तूच्या दुसरीशी असलेल्या नात्यात शिरावं लागतं.

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी दोन्ही नळीच्या तोंडातून आत जातात आणि गजानं ठासाव्या लागतात. या ठासण्यात एक जुना पेच होता. गोळी सैल असली तर भराभर भरता येते, पण नळीत डुगडुगते आणि बाहेर पडल्यावर कुठे जाईल याचा नेम नसतो. गोळी घट्ट असली तर नळीत आतून कोरलेल्या पिळदार खाचांमध्ये, म्हणजे आट्यांमध्ये पकडली जाते, स्वतःभोवती फिरत सरळ जाते. पण ती आत उतरवायला जोर लागतो, वेळ लागतो आणि लढाईत तेवढा वेळ कुणी देत नाही. शिकाऱ्याला रायफल परवडायची, साध्या शिपायाला नाही.

फ्रेंच कॅप्टन मिनिए यांच्या पोकळ बुडाच्या गोळीनं हा पेच सोडवला आणि एनफील्डमध्ये ती कल्पना फार नेटकी झाली. नळीचा व्यास .५७७ इंच. लंडनचे बंदूककार प्रिचेट यांनी आखलेल्या, गुळगुळीत अंगाच्या गोळीचा व्यास .५६८ इंच. फरक अवघा .००९ इंचाचा, म्हणजे पाव मिलिमीटरहूनही कमी. या फटीमुळे गोळी सहज आत सरकते. बार उडाला की मागचा दाब मऊ शिशाला फुगवतो आणि जाताना सैल असलेली गोळी येताना घट्ट होते. नळीत तीन आटे, रुंद आणि उथळ. त्यांचा पीळ ७८ इंचांत एक फेरा असा. नळी ३९ इंचांची, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत बरोबर अर्धी वळलेली असते. एवढ्या मंद पिळावर शेकडो यार्ड लांबचा नेम धरता यावा, ही माझ्या मते या बंदुकीतली सर्वांत देखणी गोष्ट. नळीवरची उभी करता येणारी शिडीसारखी नेमपट्टी ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा दाखवते आणि सरावलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढू शकतो.

ज्या फटीचं मी कौतुक करतो आहे, तिचा इतिहास आपल्याला परका नाही. ही फट भरायला गोळीभोवती कागद लागला आणि तो कागद नळीतून सरकायला वंगण लागलं. दारू, गोळी आणि कागद यांची एकत्र वळी म्हणजे काडतूस, हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलेला. कवायतीनुसार शिपायानं टोकाचा कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची, वळी उलटी करून वंगणाचं टोक नळीत घालायचं, उरलेला कागद तोडून टाकायचा आणि गज मारायचा. १८५७च्या जानेवारीत डमडमच्या छावणीत या वंगणात गाईची आणि डुकराची चरबी असल्याची बातमी पसरली. दातांऐवजी बोटांनी कागद फाडण्याची मुभा मिळाली, पण तोवर विश्वास उडाला होता. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले. वरसईचे गोडसे भटजी त्या काळात उत्तरेत होते आणि त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्येही काडतुसांची ती हकीकत आली आहे. उठावाची कारणं अनेक आणि खोल होती, पण ठिणगी या पाव मिलिमीटरच्या आतबाहेर पडली. आखणाऱ्यांनी इंचाचा हजारावा भाग मोजला होता. ते काडतूस ज्यांच्या दातांखाली जाणार, त्यांचा धर्म त्या मोजणीत कुठेच नव्हता.

म्हणून भारतात जुनी एनफील्ड दिसली की तिच्या नळीच्या तोंडात आधी उजेड पाडून पाहावं. उठावानंतर देशी पलटणींसाठी १८५८च्या नमुन्याची वेगळी बंदूक काढली गेली. बाहेरून हुबेहूब एनफील्ड, पण नळी .६५६ इंचांपर्यंत रुंदावलेली आणि आत एकही आटा नाही. शिडीच्या जागी साधी, न हलणारी नेमपट्टी. दूरचा नेम धरण्याची ताकद तिच्यातून जाणूनबुजून काढून घेतली होती. राज्यकर्त्यांचा अविश्वास इतक्या स्पष्टपणे मोजता येईल अशी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. संग्राहकांच्या बाजारात आट्यांच्या रायफलीला भाव जास्त येतो. माझ्या दृष्टीनं मात्र ही गुळगुळीत नळीची बहीण शेजारी असल्याशिवाय पहिलीचा अर्थ पूर्ण होत नाही.

आता पुन्हा त्या स्क्रूकडे येऊ. १८५५मध्ये क्रिमियात पोचलेल्या एनफील्ड ठेकेदारांकडून हातानं घडवून घेतलेल्या होत्या. बर्मिंगहॅममध्ये नळी एकाकडे, लॉक म्हणजे बार उडवणारी यंत्रणा दुसऱ्याकडे, दस्ता तिसऱ्याकडे बने आणि जुळवणारा कानस चालवून ते सारं एकमेकांत बसवी. ब्रिटिश अधिकारी १८५४मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्ड आणि हार्पर्स फेरीचे शस्त्र कारखाने पाहून आले, तिथल्या एम्स आणि रॉबिन्स अँड लॉरेन्स या कंपन्यांकडून त्यांनी यंत्रं मागवली. हार्पर्स फेरीचे जेम्स बर्टन हे एनफील्डचे मुख्य अभियंते झाले. त्या यंत्रांत मला सर्वांत मोह पाडतो तो ब्लँचर्डचा लेथ. एका बाजूला लोखंडात घडवलेला नमुन्याचा दस्ता फिरतो, त्याच्या चढउतारांवरून एक चाक सरकत जातं आणि दुसऱ्या बाजूला कापणारं पातं अक्रोडाच्या ओंडक्यावर त्याच वळणांनी चालतं. मनगटाशी निमुळता होणारा आणि खांद्याशी भरणारा तो घाट कुणी हातानं कोरला असेल असंच वाटतं. पण तो घाट एकदाच ठरला आणि मग लाखो दस्त्यांत उतरला.

सारखेपणात जीव नसतो, हा समज इथे गळून पडतो. लॉकचा घोडा सावकाश मागे ओढा. अर्ध्यावर एक खट, पूर्ण ओढल्यावर दुसरी खट. आतली कमान घोड्याच्या फिरत्या भागाला थेट न टेकता एका छोट्या हलत्या दुव्यानं जोडलेली आहे, त्यामुळे ओढताना कुठे खरखर लागत नाही. तो सफाईदारपणा एका बंदुकीचा नशिबानं जमलेला गुण नाही. तो सर्वांना मिळालेला आहे. निष्णात कारागिराचं उत्तम काम एका धनिकाच्या हाती जातं. इथे तेवढंच चोख काम प्रत्येक साध्या शिपायाच्या खांद्यावर आहे. कारखान्याच्या मालाचं हे मोठेपण मला फार मोलाचं वाटतं.

ही बंदूक वाचायला शिकणं अवघड नाही. घोड्यापुढे लॉकप्लेटवर साल आणि त्याखाली ‘एनफील्ड’ असेल तर ती सरकारी कारखान्याची. ‘टॉवर’ असेल तर ठेकेदारांची. घोड्यामागे मुकुट आणि त्याखाली ‘व्ही आर’ ही राणी व्हिक्टोरियाची अक्षरं असली तर ती सरकारी सेवेतली. नुसता मुकुट असेल तर बहुधा व्यापारी विक्रीची. अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी अशा बंदुका मोठ्या संख्येनं विकत घेतल्या. बाणाचं चिन्ह ही सरकारी मालकीची खूण, आणि दोन बाण टोकाला टोक लावून उभे असले तर ती सेवेतून विकून टाकलेली. ‘एनफील्ड’मधलं एखादं इंग्रजी अक्षर उलटं पडलं असेल तर हात आखडता घ्यावा, ती नक्कल आहे.

आणि सगळ्यांआधी गज. तो नळीत हलकेच सोडावा. तळाशी पोचून खणखणला तर नळी रिकामी. बद्द आवाज आला आणि गज बाहेर जास्त उरला, तर दीडशे वर्षांपूर्वी ठासलेला बार अजून आत असू शकतो. मग ती जाणकाराच्याच हाती द्यावी. भारतात चालू स्थितीतल्या ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, हेही विसरू नये. पितळ लखलखीत घासून काढण्याचा मोह तर अजिबात नको. घासताना शिक्क्यांच्या कडा जातात, आणि कडा गेल्या की बंदूक मुकी होते. १८६६पासून हजारो एनफील्ड मागून कापून, बिजागरीचं झाकण बसवून मागून भरायच्या स्नायडर रायफली करण्यात आल्या. न कापलेली, कडा शाबूत असलेली सरकारी एनफील्ड आज जपावी ती म्हणूनच.

१९७०च्या दशकात बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीनं एनफील्ड पुन्हा बनवायला घेतली. जुनी बंदूक समोर ठेवून नक्कल केली, तर तिची झीजही नकलेत उतरते. पार्कर-हेलनं त्याऐवजी एनफील्डच्या नमुनाघरात जपलेली व्हिक्टोरियाकालीन मूळ गेजं, म्हणजे माप पडताळायची साधनं मिळवली आणि त्यांवरून माप धरलं. त्या बर्मिंगहॅमच्या बंदुकाही आता जुन्या झाल्या, संग्राहक त्याही शोधतात, आणि मला त्या नकला वाटत नाहीत. एनफील्डचा कारखाना १९८८मध्ये बंद झाला, नमुनाघराचा संग्रह पुढे लीड्सच्या रॉयल आर्मरीजकडे गेला. १८५०च्या दशकात ज्यांनी ती गेजं घासून बरोबर केली, त्यांची नावं कोणत्याही लॉकप्लेटवर नाहीत. त्यांचा हात मात्र शंभर वर्षांनंतरच्या पोलादात जसाच्या तसा उतरला. हातकामाचा मान द्यायचाच असेल, तर मी तो या हातांना देईन.