साउंडबार : खोक्यावरचे आकडे आणि खोलीतला आवाज

नाशिकजवळ पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. 'राजा हरिश्चंद्र'नंतर, १९१३ सालीच, फाळक्यांनी आपला चित्रपटांचा व्याप नाशिकला आणला. १९३१ साली 'आलम आरा' आला आणि पडदा बोलू लागला. मग मूकपट म्हणून चित्रित झालेल्या त्यांच्या 'सेतुबंधन'लाही मागाहून आवाज जोडावा लागला. चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, हा पेच आज घरोघरी व शाळेच्या डिजिटल वर्गात पुन्हा उभा आहे. टीव्ही पातळ झाले, त्यांचे स्पीकर लहान झाले आणि बहुधा खाली किंवा भिंतीकडे तोंड करून बसले. मग दुकानदार सांगतो : होम थिएटर परवडत नसेल, तर साउंडबार घ्या, परिणाम तोच!

हा दावा आम्ही तपासून पाहतो. त्यासाठी शालेय भौतिकी व भूमिती पुरते.

पहिला आकडा वॅटचा. समजा, खोक्यावर '५०० वॅट' छापले आहे आणि अडॅप्टरवर '१९ व्होल्ट, ३ अँपिअर'. गुणाकार ५७ वॅट. आत येणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त आवाज सतत बाहेर कसा पडेल? मोठा आकडा फार तर क्षणभराच्या शिखराचा असतो. शिवाय शक्ती दुप्पट केली, तरी पातळी अवघी ३ डेसिबलने वाढते.

दुसरा आकडा '५.१'. खऱ्या ५.१ रचनेत तीन स्पीकर समोर, दोन श्रोत्याच्या बाजूंना किंचित मागे आणि एक खर्जासाठी असतो. ९० सेंटिमीटर लांबीचा बार ३ मीटरवरून पाहिला, तर त्याची दोन टोके डोळ्याशी सुमारे १७ अंशांचा कोन करतात. डावा-उजवा आवाज नीट वेगळा यावा म्हणून दोन स्पीकर सुमारे ६० अंशांवर ठेवतात. ही उणीव काही बार बाजूच्या भिंतींवरून आवाज परावर्तित करून भरून काढू पाहतात. पण हॉलची एक बाजू बाल्कनीकडे उघडी असेल, तर परावर्तन होणार कशावरून?

तिसरी गोष्ट खर्जाची. ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर असते. तो ऐकू येण्याइतकी हवा ढकलणे पाच-सहा सेंटिमीटरच्या पडद्याला झेपत नाही. त्याला वेगळा सबवूफरच हवा.

तर मग साउंडबार टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. माणसाचे बोलणे कळण्यासाठी लागणारा ध्वनी मुख्यतः ५०० ते ४००० हर्ट्झ या पट्ट्यात असतो, आणि तो लहान स्पीकर उत्तम देतो. श्रोत्याकडे तोंड केलेला साधा बार बातम्या, व्याख्याने व शैक्षणिक चित्रफिती स्पष्ट करतो. आमचा आक्षेप वस्तूवर नाही, तिला दिलेल्या नावावर आहे. थिएटरच्या आशेने घेतलेला बार निराश करील. स्पष्ट बोलण्यासाठी घेतलेला पैसे वसूल करील.

शाळेसाठी खरेदी करताना शिक्षकांनी एवढे करावे. टीव्हीला एआरसी खुणेचा एचडीएमआय किंवा ऑप्टिकल जोड आहे का, ते पाहावे. दुकानात गाणे न लावता बातम्या लावायला सांगाव्यात आणि लांब उभे राहून 'स', 'श', 'च' वेगळे ऐकू येतात का, ते तपासावे. नंतर रिकाम्या वर्गात एक टाळी वाजवावी. ती घुमत राहिली, तर कितीही महाग बार मागच्या बाकापर्यंत शब्द स्पष्ट पोहोचवणार नाही. अशा वर्गात आधी जाड पडदे व कापडी फलक लावावेत. नवव्या इयत्तेत शिकवलेले ध्वनीचे परावर्तन शाळेचे पैसे वाचवते, हे मुलांनीही पाहावे.