किती मेगापिक्सेलचा आहे?

कराडजवळ लग्नाचे फोटो काढणारा माझा मामेभाऊ गेल्या हंगामात नवरदेवाच्या काकांपुढे गप्प झाला. काकांनी विचारलं, "कॅमेरा किती मेगापिक्सेलचा?" हा म्हणाला, "चोवीस." काकांनी खिशातून मोबाइल काढला. "माझा दोनशेचा आहे." ठरलेल्या रकमेतून पाच हजार तिथेच कमी झाले. तेव्हापासून याच्या डोक्यात ६१ मेगापिक्सेलची बॉडी घुसली आहे. किंमत तीन लाखांच्या पुढे, लेन्सा वेगळ्या, हप्ते ३६. मला विचारतो, "दादा, घेऊ का?"

आधी काकांचा हिशेब. २०२३च्या सॅमसंग एस२३ अल्ट्रामध्ये २०० मेगापिक्सेल आहेत, हे खरं. पण नेहमीच्या वापरात तो फोन शेजारशेजारचे सोळा पिक्सेल मिळून एक करतो आणि हातात येतो तो साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो. पिक्सेल इतके बारीक, की एकेकट्याला पुरेसा उजेड मिळत नाही. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. फोनच्या सेन्सरच्या साधारण बारापट. काकांना हे मांडवात समजावणार कोण, हा प्रश्न वेगळा.

आता अल्बम. आपल्याकडचा लग्नाचा अल्बम बारा बाय छत्तीस इंचांचा उघडतो. त्यातलं एक पान बारा बाय अठरा. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर त्या पानाला ३,६०० बाय ५,४०० पिक्सेल लागतात, आणि २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ४,००० बाय ६,००० देतो. भागलं. पण एकच फोटो दोन्ही पानांवर पसरला की इंचाला जेमतेम १६६ पिक्सेल उरतात. ६१ मेगापिक्सेलवाला तिथे २६४ देतो. म्हणजे फरक आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. फक्त तो दिसतो केव्हा? ३०० हा आकडा फुटभर अंतरावरून बघणाऱ्या चांगल्या डोळ्यांसाठी आहे. अल्बम मांडीवर उघडून मावशी, आत्या आणि शेजारीण एकदम वाकतात तेव्हा अंतर दोन फुटांचं होतं आणि डोळ्याची मागणी निम्मी. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला चेहरा खपतो, तोही याच न्यायाने.

आणि मोठ्या आकड्याचं ओझं असतं. ६१ मेगापिक्सेलची दाबून लहान न केलेली एक रॉ फाइल साधारण १२० एमबीची. एका लग्नाचे चार हजार फोटो म्हणजे ४८० जीबी. प्रत ठेवायची तर दुप्पट. हात किंचित हलला तर तोही पूर्ण आकारात बघताना जास्त ठळक दिसतो.

मला या सगळ्या व्यवहारात सर्वांत बोलका वाटतो तो कंपन्यांचाच भाव. सोनीने २०१९ साली ६१ मेगापिक्सेलचा ए७आर-४ आणला आणि २०२० साली फक्त १२ मेगापिक्सेलचा ए७एस-३. अमेरिकेत दोन्हींची सुरुवातीची किंमत जवळपास सारखीच, साडेतीन हजार डॉलर. त्याच वर्षी कॅननचा खेळ टिपणाऱ्यांसाठीचा १डीएक्स-३ आला : २० मेगापिक्सेल, साडेसहा हजार डॉलर. पिक्सेलला भाव असता तर हे गणित उलटं दिसलं असतं. धंदेवाईक माणूस पैसे मोजतो ते अंधारात न चुकणाऱ्या फोकससाठी, वेगासाठी, दोन कार्डांच्या खाचांसाठी. एक कार्ड मेलं तर मंगलाष्टकं पुन्हा म्हणता येत नाहीत.

इथे कुणीतरी रॉबर्ट कापाचं नाव घेतंच. ६ जून १९४४, नॉर्मंडीचा किनारा, हललेले, अंधूक फोटो. तरी जगाच्या स्मरणात. तात्पर्य काय, तर 'कॅमेऱ्याने काय होतं, नजर हवी'. मला हा युक्तिवाद आळशी वाटतो. कापाच्या हातात त्या दिवशी काँटॅक्स होता, त्या काळच्या उत्तम छोट्या कॅमेऱ्यांपैकी एक. फोटो हलले ते स्वस्त यंत्रामुळे नव्हे. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्याने 'स्लाइटली आउट ऑफ फोकस' हे नाव दिलं, ती त्याची थट्टा होती. आपण तिचा नियम करून बसलो. हप्त्यांच्या चिंतेत असलेल्या पोराला 'नजर हवी' सांगणं सोपं असतं, सांगणाऱ्याचं काही जात नाही.

शिवाय पिक्सेल खरोखर लागतात अशीही कामं आहेत. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांटच्या 'द नाइट वॉच'चा ७१७ अब्ज पिक्सेलचा फोटो २०२२च्या जानेवारीत खुला केला. १०० मेगापिक्सेलच्या हॅसलब्लाडने ८,४३९ फोटो काढून जोडले. दोन पिक्सेलमधलं अंतर एका मिलिमीटरचा दोनशेवा भाग. हे सगळं कशाला? तर रंगाचे कण बघायला, ते काळानुसार कसे बदलताहेत ते तपासायला. पण तुमच्या हातातल्या फोनवरही तो उघडतो. दोन बोटांनी ताणत जा : अख्खी सैनिकांची टोळी, मग एक चेहरा, मग डोळा, मग डोळ्यातला पांढरा ठिपका, मग त्या ठिपक्याला गेलेले तडे. 'शेवटी फोनवरच बघायचंय, मग इतके पिक्सेल कशाला' असं मीही म्हणत असे. त्या रात्री म्हणणं सोडलं. पडदा लहान असला तरी आत शिरता येतं, आणि आत काहीतरी असेल तर शिरावंसंही वाटतं. लग्नाच्या फोटोत आत गेल्यावर बहुधा मेकअपचा थर भेटतो, आणि तो गुळगुळीत करायलाच हा पोरगा रात्री दोनपर्यंत बसतो.

मी त्याला दुवा पाठवला. तासाभराने उत्तर आलं : "भारी आहे दादा. पण यातलं कुणी हललं नाही."

मग मी माझं मत कळवलं : चोवीसचीच दुसरी बॉडी जुन्या बाजारातून घे, दोन खाचांची, उरलेल्या पैशांत अंधारात चालणारी एक लेन्स. त्याला ते पटलंय. अडचण एकच आहे, काकांना काय सांगायचं. बॉडीवरचा आकडा काळ्या पट्टीने झाकावा, असा त्याचा विचार चालू आहे.