निन्जा-संग्रहाचा खेळ : प्रतीक्षा आणि प्राप्ती

भ्रमणध्वनीवर विनामूल्य मिळणाऱ्या खेळांत एक प्रकार असा आहे की, ज्यात खेळणाऱ्याने खेळावे अशी अपेक्षाच अल्प असते. निरनिराळ्या गुणांचे निन्जा जमवावेत, त्यांचे पथक रचावे आणि यंत्र बाजूला ठेवावे. लढाई आपोआप चालते, व परत आल्यावर मधल्या काळाची नाणी साठलेली आढळतात. अशा खेळाचे परीक्षण करताना त्यातील चित्रे वा कथानक यांपेक्षा त्यात काळाचा विनियोग कसा केला आहे हे पाहणे अधिक अगत्याचे ठरते.

या प्रकाराचा उगम विडंबनात आहे. २००२ मधील ‘प्रोग्रेस क्वेस्ट’ या खेळात पात्र निर्माण केल्यानंतर खेळणाऱ्याला काहीच करावयाचे नसे. २०१० मध्ये इयन बोगोस्ट यांनी ‘काउ क्लिकर’ रचला तो उपहासासाठी. त्यात दर सहा तासांनी गाईच्या चित्राला एकदा स्पर्श करावयाचा, इतकेच. लोकांनी मात्र तो मनापासून खेळला. २०१३ च्या ‘कुकी क्लिकर’नंतर हा उपहास एक स्थिर घाट बनला.

निन्जा हा विषय या घाटाला अर्थदृष्ट्या विसंगत आहे. इगा व कोगा या जपानी प्रदेशांतील हेरांची विद्या १६७६ च्या ‘बान्सेनशुकाई’ या ग्रंथात संकलित झाली. निन्जा शब्दातील ‘निन्’ या अक्षराचा अर्थ सहन करणे, तसेच लपून राहणे, असा आहे. बहिर्जी नाईकांची परंपरा जाणणाऱ्या मराठी वाचकाला हेराच्या कामातील हे धैर्य वेगळे सांगावयास नको. खेळाने त्या धैर्याचा वेष घेतला, पण धैर्य वगळले.

ही उणीव यवतमाळसारख्या जिल्ह्यात विशेष जाणवते. तेथील कोरडवाहू कापसाच्या शेतीत प्रतीक्षा हा नित्याचा अनुभव आहे : प्रथम मृगाच्या पावसाची, मग सरकी उगवण्याची, पुढे बोंड फुटण्याची. परंतु या प्रतीक्षेत हात मोकळे नसतात. निंदण, डवरणी, फवारणी ही कामे चालूच असतात, आणि ती नेहमी निर्धोकही नसतात; २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेताकडे पाठ फिरवली तर तण साठते, नाणी नव्हेत. जेथे श्रमाच्या फळाची शाश्वती नाही, तेथे श्रमावाचून निश्चित वाढ दाखविणारा खेळ रुचला, तर त्यात नवल नाही. त्याचे खरे आकर्षण आळसात नसून या शाश्वतीत आहे.

मात्र ही शाश्वती अर्धवट आहे. नाणी निश्चित मिळतात. दुर्मीळ निन्जा मिळतो तो सोडतीने. नाणे टाकून खेळणे काढण्याच्या जपानी यंत्रांवरून या रीतीला ‘गाचा’ असे नाव पडले. सोडतीतील वस्तूंचा ठराविक संच पुरा करणाऱ्यास बक्षीस देण्याचा तिचा एक पोटप्रकार जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने २०१२ मध्ये बेकायदेशीर ठरविला. भारताच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख धनप्राप्तीच्या आशेवर आहे. येथे दिलेला पैसा खरा असला तरी प्राप्ती चित्ररूप असल्याने हा खेळ त्या व्याख्येत सहज बसत नाही.

मुंबईत एके काळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर आकडा लावला जाई. १९६० च्या दशकाच्या आरंभी तो आधार सुटल्यावर मटक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. म्हणजे कापूस पिकविणाऱ्याची प्रतीक्षा आणि त्या कापसाच्या आकड्यावरील पैज ही दोन्ही पूर्वीही एका काळी नांदत होती. नवीन आहे ते दोहोंचे एकाच खेळात झालेले मीलन.

संग्रहाचा आनंद निंद्य नव्हे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत १२० पाने असतात. पण तो संच घेतानाच पूर्ण असतो, आणि खेळ त्यानंतर सुरू होतो. निन्जांचा संच कधीच पूर्ण होत नाही. ‘लीळाचरित्रा’त हरिपाळदेव द्यूतात हरतात, पत्नी दागिने देण्यास नकार देते, आणि त्या नकारातून विरक्तीची वाट उघडते. प्रस्तुत खेळात नकार देणारे कोणीच नाही. यंत्र प्रत्येक वेळी आणखी एक सोडत पुढे करते. या प्रकारातील सर्वांत मोठा दोष हाच म्हणावा लागेल.