कंदुक, वीटा व फुटबॉल

आपल्याकडे खेळांच्या इतिहासावर जें लेखन होतें, त्यांत एक पद्धत रूढ झालेली दिसते. आधुनिक खेळ घ्यावयाचा, त्याशीं जुळणारा एखादा शब्द संस्कृत ग्रंथांत हुडकावयाचा, आणि तो खेळ मूळचा आपलाच असें ठरवून मोकळें व्हावयाचें. फुटबॉलविषयीं हेंच घडलें आहे. 'कंदुक' शब्द सांपडला कीं फुटबॉल सांपडला ! प्रस्तुत लेखकाचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. त्या भाषेचा अभिमान त्यासही आहे. पण अभिमान हें प्रमाण नव्हे.

आधार पाहूं. दण्डीच्या दशकुमारचरितांत, सहाव्या उच्छ्वासांत, सुह्म देशाची राजकन्या कंदुकावती देवीच्या आराधनेसाठीं कंदुकनृत्य करते. वर्णन इतकें बारीक आहे कीं चूर्णपद, गीतमार्ग अशा खास संज्ञाही कवि योजितो. परंतु चेंडू हातानें खेळविलेला आहे, खेळणारी एकटी आहे; प्रतिपक्ष नाहीं, जयपराजय नाहीं. यास फुटबॉलचा पूर्वज म्हणणें म्हणजे आरतीस लढाई म्हणणें होय.

दुसरा आधार आदिपर्वांतला. कुरुकुमारांची 'वीटा' विहिरींत पडते व द्रोणाचार्य ती इषीकांच्या साखळीनें वर काढतात. किसारीमोहन गांगुलींच्या इंग्रजी भाषांतरांत वीटेचा चेंडू झाला, आणि पुढील लेखकांनीं मूळ न उघडतां तोच उचलला. वास्तविक टीकाकार नीलकंठ चतुर्धर हा आपल्या कोपरगांवचा; काशीस राहून लिहिलेल्या भारतभावदीपांत तो वीटेचा अर्थ दांड्यानें उडविण्याचा यवाकृति लांकडी तुकडा असा देतो. म्हणजे आपली विटीच ! अर्थात् नीलकंठ सतराव्या शतकांतला. गोदातीरींच्या बालपणाचा रंग त्याच्या अर्थास लागला नसेलच, असें छातीठोकपणें म्हणवत नाहीं. तरी चेंडूपेक्षां हा अर्थ बलवत्तर आहे. कालियामर्दनाचा तिसरा आधार तर उभाही राहत नाहीं. डोहांत पडलेला चेंडू मराठी कीर्तनांतला आहे. भागवताच्या दशमस्कंधांतील सोळाव्या अध्यायांत चेंडूच नाहीं. तेथें श्रीकृष्ण विषारी जल शुद्ध करण्यासाठीं कदंबावरून उडी घेतो.

मग फुटबॉलचा इतिहास कोठून मोजावा ? चेंडू लाथाडणें पुष्कळ देशांत व पुष्कळ काळ चालत आलें. पण ज्यास आज आपण फुटबॉल म्हणतों, त्याचें नियमबद्ध रूप लंडनमधील फ्रीमेसन्स टॅव्हर्न या ठिकाणीं, १८६३ च्या आक्टोबर ते डिसेंबर या काळांत भरलेल्या सहा सभांतून सिद्ध झालें. एबेनेझर मोर्ले या चिटणिसाच्या हातचें त्या सभांचें टिपणपुस्तक आजही जपून ठेविलेलें आहे. त्यांतील तेरा नियम वाचतांना चकित व्हावें लागतें. उडता चेंडू हातानें झेलण्यास मुभा आहे. गोलरक्षकाचें नांव नाहीं, पंच नाहीं, खेळाडूंची संख्याही नाहीं. दोन खांबांत आठ यार्डांचें अंतर सांगितलें आहे, पण वर आडवी दांडी नाहीं; चेंडू कितीही उंचावरून गेला तरी गोल ! नडग्यांवर लाथा मारण्याची सवलत काढली, म्हणून ब्लॅकहीथचा संघ रागावून निघून गेला. गोलरक्षक नियमांत आला १८७१ सालीं, पेनल्टी १८९१ त. ऑफसाइडसाठीं प्रतिपक्षाचे तीन खेळाडू मोजीत, ते १९२५ पासून दोन झाले. नांव तेंच राहूनही अवघ्या दीडशें वर्षांत खेळ इतका पालटतो. मग केवळ नांवाच्या साम्यावरून दोन हजार वर्षांची उडी कशी घ्यावी?

संग्राहकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. शेफील्ड येथील क्लबाचे (स्थापना १८५७) जुने कागद, ज्यांत १८५८ चे हस्तलिखित नियम व १८५९ ची छापील पुस्तिका होती, ते २०११ सालीं लंडनच्या लिलांवांत ८,८१,२५० पौंडांस गेले. आपल्याकडे पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं खोखोचे नियम बांधण्याचें काम हातीं घेतलें. हुतूतू, विटीदांडू यांचीं नांवें तुकोबांच्या गाथेंत आहेत, परंतु तीं रूपकांसाठीं. नियम तेथें शोधूं नये. नियम मिळावयाचे ते विसाव्या शतकांतील असल्या पातळ पुस्तिकांत. आणि त्यांची गत काय ? मी ज्या एका शाळेंत होतों, तेथें सामन्यांतील तंटे व त्यांचे निवाडे लिहिलेली जुनी वही होती. एका दिवाळीच्या सुटींत ती रद्दींत गेली. सनदेचा फाटका तुकडा आपण कापडावर चिकटवून ठेवितों. ही वही वाचविण्यास मीही वेळेवर धांवलों नाहीं.

म्हणून येथील एक नोंद करून ठेवितों. वेळणेश्वरीं आम्ही मुलें आट्यापाट्या ओहोटीच्या ओल्या वाळूवर खेळत असूं. पाट्या टाचेनें आंखीत. नऊ पाट्यांचा आग्रह नसे. मुलें असतील तितक्या पाट्या. लोणपाटी नेहमीं समुद्राकडे. भरतीचें पाणी जिच्यावरून जाई ती पाटी रद्द होई व तिच्यावरचा गडी बाद. त्यामुळें उशीरां सुरू झालेल्या डावांत कोंडी फोडणारांची बाजू आपोआप वरचढ ठरे, आणि नाणेफेकींत जिंकणारे पाण्याकडे पाहूनच आपली बाजू मागत.