खोटी कुणाची झाली?

मराठीत एम.ए. करताना मजकूर नीट कसा वाचायचा ते शिकवलं होतं. नोकरी मात्र लागली मुंबईत, जहाजं भाड्याने देण्या-घेण्याच्या धंद्यात. सौदा झाल्यानंतरचं काम माझ्याकडे असतं. जहाज किती वाजता पोचलं, माल उतरायला कधी सुरुवात झाली, मध्ये पाऊस किती तास पडला आणि शेवटी कुणी कुणाला किती डॉलर द्यायचे, हे मी काढते. त्यामुळे गेल्या नऊ वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा वाचलेला मजकूर म्हणजे 'गेन्कॉन' नावाचा छापील करारनामा. बिम्को ही जहाजधंद्यातली संघटना तो काढते. पहिला मसुदा १९२२चा, नंतर १९७६, १९९४ आणि २०२२ साली सुधारलेला. आमच्याकडे अजून १९९४चाच जास्त चालतो.

याचं कुणी परीक्षण लिहीत नाही, कारण हे साहित्य नाही. पण तुमच्या हातातला फोन, घरातली तूरडाळ, शेतातला युरिया यांतलं काही ना काही अशा एखाद्या मजकुराच्या आधारानेच समुद्र ओलांडून आलेलं असतं. एवढा वापरला जाणारा गद्यप्रकार एकदा समीक्षकाच्या नजरेने वाचायला काय हरकत आहे?

सुरुवात नावापासून करू. या करारनाम्याला 'चार्टर पार्टी' म्हणतात. मेजवानीशी त्याचा काही संबंध नाही. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ 'विभागलेला कागद'. एकाच कागदावर मजकूर दोनदा लिहायचा, मधोमध फाडायचा आणि एकेक तुकडा एकेकाने न्यायचा. भांडण झालं की तुकडे जुळवून बघायचे. मला हे नाव फार प्रामाणिक वाटतं, कारण अविश्वास त्यात पहिल्यापासूनच मान्य केलेला आहे. आणि कागदाचे तुकडे दोनच आहेत, हेही लक्षात ठेवा. एक जहाजमालकाचा, एक भाडेकरूचा. तिसरा तुकडा नाही.

आता या गद्याची खरी ताकद कुठे आहे ते सांगते. ती आहे वेळेबद्दलच्या शब्दांत. माल चढवायला-उतरवायला भाडेकरूला जो ठरीव वेळ मिळतो, तो 'लेटाइम'. तो कधी सुरू होतो? जहाज पोचल्यावर कप्तान 'आम्ही तयार आहोत' अशी नोटीस देतो. गेन्कॉन ९४ म्हणतो, नोटीस दुपारी बारापर्यंत दिली तर घड्याळ एक वाजता सुरू, बारानंतर दिली तर पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी सहाला. दहा मिनिटांच्या फरकाने सतरा तास इकडचे तिकडे होतात. शनिवार-रविवार मध्ये आला तर विचारूच नका.

मग रविवार आणि सुट्ट्या धरायच्या की वगळायच्या, त्याची वेगळी अक्षरं आहेत : शिंक आणि शेक्स. (पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं, ऑफिसात कुणालातरी सर्दी झालीय.) वगळलेल्या रविवारी काम केलंच तर तो वेळ मोजायचा की नाही, त्यासाठी आणखी दोन-तीन शब्द. 'वेदर वर्किंग डे' म्हणजे हवामानाने काम करू दिलेला दिवस. तांदूळ किंवा साखर असेल तर पावसात फाळक्याची झाकणं लावावीच लागतात, आणि तेवढा वेळ लेटाइममधून वजा होतो. मी पावसाबद्दलच्या शेकडो कविता वाचल्या आहेत, पण पाऊस ३.४०ला सुरू झाला आणि ५.१५ला थांबला हे इतक्या गांभीर्याने लिहिणारं दुसरं गद्य मला माहीत नाही.

एक शब्दप्रयोग मला मनापासून आवडतो. कप्तान रोज दुपारी पोचण्याचा अंदाज कळवतो, तेव्हा शेवटी लिहितो : सगळं नीट चाललं आणि हवामानाने परवानगी दिली तर. आपल्याकडचं 'देवाच्या मनात असेल तर' साधारण याच चालीचं आहे. कोटीच्या कोटी रुपयांच्या मालाबद्दल बोलताना इतका नम्रपणा दुसऱ्या कुठल्या धंद्यात दिसतो?

पण 'पोचणं' म्हणजे तरी काय? इथे हा गद्यप्रकार तत्त्वज्ञानात शिरतो. 'योहाना ओल्डेनडॉर्फ' नावाचं धान्याचं जहाज जानेवारी १९६८मध्ये लिव्हरपूलबाहेर मर्सी बार इथे नांगरून उभं राहिलं. गोदीतली जागा तिथून सतरा मैल दूर. जहाज पोचलं का? पोचलं असेल तर थांबण्याचा खर्च भाडेकरूचा, नसेल तर मालकाचा. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १९७३ साली ठरलं की पोचलं. कारण ते बंदराच्या हद्दीत होतं आणि भाडेकरू म्हणेल त्या क्षणी हजर व्हायला मोकळं होतं. म्हणजे पोचणं ही ठिकाणाची गोष्ट कमी आणि दुसऱ्याच्या हुकमाला हजर असण्याची गोष्ट जास्त. दादरला उतरून 'पोचलोच, पाचच मिनिटं' म्हणणाऱ्या मित्राला हा निकाल दाखवू नका.

ठरलेला वेळ संपला की डेमरेज सुरू. हा शब्द मराठीने कधीच आपलासा केलाय. रेल्वेच्या मालधक्क्यावरचे हमालसुद्धा तो सहज वापरतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ रेंगाळणं. सरकारी मराठीत त्याला 'विलंब शुल्क' म्हणतात, आणि ते मला पटत नाही. लायब्ररीचं पुस्तक उशिरा दिलं तरी विलंब शुल्कच भरतो आपण. त्यात ज्याचा वेळ फुकट गेला, तो कुठेच नाही.

खरा शब्द माझ्या आईच्या तोंडात आहे : खोटी. 'उगाच माझी खोटी केलीस' म्हणजे तू मला अडकवून ठेवलंस आणि माझी कामं राहिली. खोळंबा कशाचाही होतो, रस्त्याचा, लग्नाचा, फाइलीचा. खोटी मात्र माणसाची होते. तिला षष्ठी लागते. डेमरेज म्हणजे जहाजाची खोटी. जहाजाचं प्रत्येक मिनिट पैसे मिळवू शकलं असतं, ते मिळवू शकलं नाही, म्हणून भरपाई. हे न्याय्य आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

या धंद्यातली सगळ्यात प्रसिद्ध म्हणही इथलीच : एकदा डेमरेजवर गेलात की कायम डेमरेजवर. म्हणजे लेटाइम संपल्यावर पाऊस पडो, रविवार येवो, दिवाळी येवो, काही वजा होत नाही. वेळेत काम संपवलं असतंत तर हा पाऊस तुमच्या वाट्याला आलाच नसता, असा तर्क. बुडत्याचा पाय खोलात, हे आपण हळहळत म्हणतो. इथे तोच कायदा आहे. (करारात वेगळं लिहून घेता येतं, पण स्पष्ट लिहावं लागतं.)

आणि खोटीचाही धंदा होऊ शकतो. १९७५ साली नायजेरियाने सुमारे दोन कोटी टन सिमेंट मागवलं, बंदराच्या ऐपतीच्या कित्येक पट. लागोसबाहेर शेकड्यांनी जहाजं उभी राहिली. डेमरेज चालू असल्यामुळे पोचून नुसतं उभं राहणंच फायद्याचं होतं, आणि ते कमवायला जुनीपुराणी जहाजंही तिकडे निघाली. फाळक्यांत सिमेंट खराब होत गेलं, मीटर चालत राहिला.

इथवर मी या गद्याचं कौतुकच केलं. आता माझा आक्षेप.

या मजकुरात माणसं शोधा. गेन्कॉनच्या दुसऱ्याच कलमात कप्तान आणि खलाशी भेटतात, पण ते त्यांच्या चुका आणि हलगर्जीच्या रूपात. त्यांनी चूक केली तरी मालक जबाबदार नाही, हे सांगण्यासाठी. युद्धाच्या कलमात त्यांच्या जिवाचा विचार आहे, तो क्रम असा : जहाज, माल, मग खलाशी. ठरावीक मुदतीसाठी जहाज भाड्याने देण्याचा न्यूयॉर्कचा एक नमुना आहे. पहिला १९१३चा, १९४६चा अजून वापरात. त्यात भाडं कधी थांबतं याची यादी आहे, त्याला 'ऑफ-हायर' म्हणतात. यादीच्या तोंडालाच काय आहे? माणसांची तूट. त्याच दमात सामानाची तूट, मग आग, यंत्रात बिघाड, जहाज रुतणं. मधे साधा पूर्णविरामसुद्धा नाही.

'तूट' म्हणजे काय यावर खटलाही झालाय. दुसऱ्या महायुद्धातलं 'इलिसॉस' नावाचं ग्रीक जहाज. ताफ्याशिवाय एकटं निघायला खलाशांनी नकार दिला. भाडेकरू म्हणाला, माणसं काम करत नाहीत म्हणजे तूटच, भाडं थांबवा. कोर्ट म्हणालं, तूट म्हणजे संख्येची तूट. डोकी पुरेशी आहेत ना, मग तूट नाही. कायदा म्हणून निकाल बरोबर असेल. मी वाचते तेव्हा मला एवढंच दिसतं की ती माणसं पाणबुड्यांना घाबरली होती आणि त्या भीतीसाठी करारात रकाना नव्हता.

तुम्ही म्हणाल, खलाशांचे करार वेगळे असतात, कामगार कायदे वेगळे असतात, इथे त्यांचं नाव कशाला हवं? हा युक्तिवाद मीही बरीच वर्षं केला. २०२० साली तो माझ्यापुरता संपला.

'जग आनंद' हे भारतीय जहाज ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन जून २०२०मध्ये चीनच्या जिंगतांगबाहेर पोचलं. त्यावर २३ भारतीय. सप्टेंबरपासून 'अनास्तासिया' जवळच काओफेदियानबाहेर उभं, त्यावर १६ भारतीय. चीन-ऑस्ट्रेलियाचं बिनसलेलं, वर कोव्हिड. माल उतरेना आणि माणसांनाही उतरू देईनात. जहाज दुसरीकडे नेऊन माणसं बदलायची तर मालाचा आणि भाड्याचा प्रश्न. शेवटी 'जग आनंद' जानेवारी २०२१मध्ये कोळशासकट जपानच्या चिबाला गेलं आणि तिथे माणसं सुटली. 'अनास्तासिया'ची त्यानंतर काही आठवड्यांनी.

त्याच वर्षी जगभर सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते. बिम्कोने जूनमध्ये एक नवं कलम काढलं : माणसं बदलायला जहाजाला वाट वाकडी करता येईल, त्या काळात भाडं कमी दराने चालू राहील. शंभर वर्षांच्या छापील गद्यात खलाशाचं घरी जाणं हा विषय मी पहिल्यांदा वाचला तो इथे. पण तेव्हाच काही भाडेकरू उलटं कलम घालून घेत होते : आमचा माल जहाजावर असेपर्यंत माणसं बदलायची नाहीत. त्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेला अशा कलमांविरुद्ध जाहीरपणे बोलावं लागलं. म्हणजे खलाशांचे करार वेगळे असतात हे अर्धसत्य आहे. माणूस घरी कधी जाणार हे या दोन तुकड्यांच्या कागदावरही ठरतं, आणि तो तिथे सही करायला नसतो.

आपल्या किनाऱ्यावर यापेक्षा बरी भाषा होती असा माझा दावा नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांची 'जोखमी हुंडी' मात्र मला आठवते. माल गलबतात चढवला की त्याच्यावर हुंडी काढायची. गलबत पोचलं तर पैसे द्यायचे, बुडालं तर नाही. उधारी आणि विमा एकाच चिठ्ठीत. 'जोखीम' हा शब्द नावातच, आणि तोही पहिला. पण तिथेही जोखीम मालाचीच. गलबतावरच्या तांडेलाची जोखीम कुणाच्या हुंडीत होती?

माझे बाबा सारंग होते. आमचं गाव दापोली तालुक्यात. मी सातवीत असताना त्यांचं जहाज तांदळाची पोती घेऊन पश्चिम आफ्रिकेतल्या एका बंदराबाहेर एक्केचाळीस दिवस उभं होतं. घरी तेव्हा एवढंच कळलं की गणपतीला येत नाहीत. आई कॅलेंडरवर रोज एक रेघ मारायची आणि म्हणायची, माणसाची नुसती खोटी.

परवा मे महिन्यात घरी गेले होते. बाबा पडवीत जाळं विणत बसले होते. मी म्हटलं, "बाबा, त्या एक्केचाळीस दिवसांत काय केलंत तुम्ही?"

"काय करणार? गंज खरवडला आणि रंग मारला. पुढून मागपर्यंत झालं की परत पुढून."

मी फोनवर हिशेब केला. बारा दिवस लेटाइम धरला, उरले एकोणतीस. त्या काळातला दर अंदाजाने रोजचा चार हजार डॉलर. एक लाख सोळा हजार. त्यांना सांगितलं की भाडेकरूने पैसे चुकवले असतील तर मालकाला नुसतं उभं राहण्याचे साधारण एवढे मिळाले असतील.

त्यांचा हात थांबला. "कितीऽ?"

मी परत सांगितलं.

"आणि आम्हाला गोडं पाणी," बाबा म्हणाले, "माणशी रोज एक बादली."