संशोधन म्हणजे दुरुस्ती

कथा, कविता, कादंबरी यांची समीक्षा दिवाळी अंकांतून दरवर्षी होते. विद्यापीठातल्या प्रबंधाची समीक्षा मात्र कोणी करीत नाही. मार्गदर्शक तो वाचतो, दोन-तीन परीक्षक वाचतात, तोंडी परीक्षा होते, पदवी मिळते आणि प्रबंध कपाटात जातो. अलीकडे तो ‘शोधगंगा’ या संगणकीय भांडारातही जातो आणि देशभरातले लाखो प्रबंध आज तेथे कोणालाही उघडून पाहता येतात. पण उघडून पाहणे वेगळे आणि वाचणे वेगळे. प्रबंध हेही शेवटी माणसाने माणसांविषयी केलेले लेखन आहे. त्याची भाषा कोणती, त्यातली माणसे कशी दिसतात, बोलतो कोण आणि गप्प कोण बसतो, हे प्रश्न साहित्याच्या वाचकाने विचारले तर ते आगाऊपणाचे ठरू नयेत. माझ्यापुरते निमित्त घरचेच आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या बिरसा भागात एक तरुण संशोधक आले. स्वभावाने सालस, कामाला वाघ. आईवडिलांच्या शिक्षणाचा कुटुंबाच्या उपभोक्ता-मूल्यांवर काय परिणाम होतो, असा त्यांचा विषय होता. शिक्षणशास्त्र, वाणिज्य आणि समाजशास्त्र अशा तीन शास्त्रांच्या बांधावरचे ते काम. प्रश्नावली हिंदीत छापलेली. मी मास्तर, मराठी घरची, हिंदी शाळेची आणि गोंडी कामापुरती येते. म्हणून दुभाष्याचे काम माझ्याकडे आले आणि सुट्टीतल्या दुपारी आम्ही दोघे गावोगाव फिरलो.

पहिल्याच प्रश्नाला आम्ही अडखळलो. कागदावर ‘आपकी शिक्षा’ असे होते. संशोधकांनी ते मोठ्याने वाचले. भाजीपाला पिकवणाऱ्या मराठी घरातल्या आजीबाई एकदम सावरून बसल्या आणि मला म्हणाल्या, “शिक्षा कायची गुर्जी? आमी का केलं?” आपल्यासारख्या दुभाषी जिल्ह्यातल्या घरांत हा विनोद जुनाच आहे, तेव्हा आम्ही हसलो आणि पुढे गेलो. पुढचा शब्द ‘उपभोक्ता’. हिंदीत तो दुकानाच्या पाटीवरचा साधा शब्द. मराठी कानाला त्यात चैनीचा वास येतो, कारण आपण विकत घेणाऱ्याला ग्राहक म्हणतो. त्यापुढचा शब्द ‘मूल्य’. आजीबाईंनी त्याचा सरळ अर्थ किंमत असा घेतला आणि वांगी, तांदूळ, मिठाचे भाव सांगायला सुरुवात केली. तीन शब्दांत तीन चकवे. तरी ही दोन सख्ख्या बहिणींसारख्या भाषांतली गोष्ट. पुढच्या वस्तीवर बैगा घरे होती, तेथे हिंदीच परकी होती.

खरी अडचण पुढे होती. प्रश्न असे नव्हतेच. होती ती विधाने, आणि प्रत्येक विधानापुढे पाच रकाने: पूर्णतः सहमत, सहमत, अनिश्चित, असहमत, पूर्णतः असहमत. ही पद्धत रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली मांडली. तिची सोय मोठी आहे. पाच रकान्यांना एक ते पाच अंक द्यायचे, बेरीज करायची, सरासरी काढायची. माणसाचे मत गणितात आणायला याहून सोपी वाट नाही. मधला ‘अनिश्चित’ म्हणजे तीन. पण आमच्याकडे ‘सहमत’ असे कोण म्हणते? आमच्याकडचे उत्तर ‘हाये, पन’ असे सुरू होते आणि त्या ‘पन’नंतर एक हकिकत येते. हकिकतीला रकाना नव्हता.

आता कबुली देतो. ज्या ज्या वेळी उत्तराची गोष्ट झाली, त्या त्या वेळी मी ‘अनिश्चित’वर खूण करायला सांगितले. ऊन वाढत होते, घरे उरली होती, संशोधकांच्या हातात दिवस थोडे होते. ज्याने काहीच सांगितले नाही त्यालाही तीन गुण आणि जिने अर्धा तास जीव तोडून सांगितले तिलाही तीनच. प्रबंध तयार झाल्यावर त्यांनी एक प्रत मला आठवणीने दाखवली. तक्त्यांत ‘अनिश्चित’चा आकडा भरघोस होता आणि खाली निष्कर्ष होता: अल्पशिक्षित ग्रामीण उत्तरदात्यांमध्ये ग्राहक म्हणून स्पष्ट जाणीव आढळत नाही. वाचून मी चरकलो. जाणीव त्यांच्यात नव्हती असे नाही. माझ्या पेन्सिलीत ती मावली नव्हती.

हा दोष एका संशोधकाचा किंवा एका दुभाष्याचा म्हणून सोडून देता येणार नाही. त्याची मुळे पुष्कळ लांब आहेत. ग्राहकाच्या मूल्यांविषयी जगभर ज्याचा आधार घेतला जातो असा एक लेख जगदीश शेठ, ब्रूस न्यूमन आणि बार्बरा ग्रॉस यांनी १९९१ साली लिहिला. माणूस एखादी वस्तू का घेतो याची पाच मूल्ये त्यांनी सांगितली: वस्तूचा उपयोग, समाजातला मान, मनातली भावना, नव्याचे कुतूहल आणि त्या वेळची परिस्थिती. मांडणी सुटसुटीत आहे, आणि खुद्द शेठ भारतीय वंशाचे आहेत. पण सिद्धांत पडताळण्यासाठी त्यांनी घेतलेले उदाहरण पाहा. अमेरिकेतला माणूस सिगारेट ओढतो की नाही, ओढतो तर फिल्टरची की बिनफिल्टरची, आणि मार्लबोरो की व्हर्जिनिया स्लिम्स. आमच्या भागात उन्हाळ्यात अख्खे घर तेंदूपत्ता तोडायला जंगलात जाते. १९६४च्या कायद्याने मध्य प्रदेशात या पानाचा व्यापार शासनाच्या ताब्यात आला, तेव्हापासून पुडक्यांचा दर सरकार ठरवते. धुराच्या एका टोकाला ब्रँड निवडणारा ग्राहक आहे आणि दुसऱ्या टोकाला पुडके बांधणारी बाई. सिद्धांत पहिल्याला पाहून बांधला आणि फूटपट्टी म्हणून दुसरीला लावला.

ही शंका माझी एकट्याची नाही. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या हेनरिक, हाइन आणि नोरेंझायन या तीन अभ्यासकांनी २०१० साली एका गाजलेल्या लेखात हेच दाखवले. मानसशास्त्रातल्या प्रयोगांसाठी घेतलेली सुमारे ९६ टक्के माणसे ज्या देशांतली होती, त्या देशांत जगाची १२ टक्के लोकसंख्या राहते, या मोजणीचा त्यांनी आधार घेतला. त्यातही पुष्कळसे महाविद्यालयातले विद्यार्थीच. बाराच्या मापाने शंभर मोजायचे, असा हा व्यवहार आहे.

मग आपल्या मुलखात याहून वेगळे काही झालेच नाही का? झाले आहे, आणि ते प्रबंधांची फॅशन येण्याच्या आधी झाले आहे.

ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. साऱ्या हिंदुस्थानातल्या बोलींसाठी त्यांनी बायबलातली एकच गोष्ट निवडली, बापाकडून वाटा घेऊन तो उधळणाऱ्या मुलाची. ‘उपभोक्ता-मूल्ये’ हा विषय तेथेही आहे, म्हणायचे तर! एकच गोष्ट सर्वांपुढे ठेवणे ही ठरावीक प्रश्नावलीच झाली. फरक एवढाच की ग्रिअर्सन यांनी उत्तर देणाऱ्याचे वाक्य त्याच्या बोलीत, शब्द न शब्द छापले. त्यांच्या वर्गीकरणाविषयी आज वाद घालता येतो, तो यामुळेच. तक्त्याशी वाद घालता येत नाही, कारण ज्यावर तो उभा आहे ते बोलणे तक्त्यात उरलेलेच नसते.

दुसरे नाव व्हेरिअर एल्विन यांचे. मंडला-बालाघाट भागातल्या बैगांवर त्यांचा ‘द बैगा’ हा जाडजूड ग्रंथ १९३९ साली लंडनला निघाला. जमिनीला नांगर लावणे म्हणजे धरतीमातेची छाती फाडणे, ही बैगांची श्रद्धा आणि ‘बेवर’ शेतीवर सरकारने घातलेल्या बंदीने त्यांची झालेली परवड त्यांनी तपशिलाने लिहिली. ‘तुम्ही शेतीच्या सुधारित पद्धतीशी सहमत आहात का’ या विधानापुढे बैगाने ‘असहमत’वर खूण केली असती, तर यातले काय कळले असते? अर्थात एल्विनही निर्दोष नव्हेत. बैगांसाठी राखीव मुलूख असावा, अशी सूचना त्यांनी केली आणि मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ साली स्वतंत्र पुस्तक लिहून तो विचार खोडून काढला. एल्विन यांचे सहकारी शामराव हिवाळे हेही मराठीच; परधानांवरचे त्यांचे पुस्तक १९४६ साली आले. म्हणजे या वादाच्या दोन्ही बाजूंना मराठी माणसे उभी होती, पण वाद इंग्रजीत झाला. आमच्या आजीबाईंच्या ओसरीपर्यंत त्याचा आवाज आला नाही आणि बैगांच्या पाड्यावर तर नाहीच नाही.

दुर्गाबाई भागवतांचे मोल मला येथे जाणवते. मध्य प्रांतातल्या आदिवासींत संशोधन करताना त्या गंभीर आजारी पडल्या, काही वर्षे अंथरुणाला खिळल्या आणि डॉक्टरेट राहून गेली. पदवी गेली, पण त्या जगाशी जडलेले नाते पुढे त्यांच्या मराठीत उतरले. ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ १९५६ साली आली. नेमक्या त्याच वर्षी राज्यांची फेररचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूर ही आपली राजधानी राहिली नाही आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. त्याच वर्षीच्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्यांनी प्रयत्न करावा. मुलांना मातृभाषेत शिकवावे असे घटना म्हणते, पण मोठ्यांना प्रश्न मातृभाषेत विचारावा असे कोणत्याही विद्यापीठाचा नियम सांगताना मी ऐकलेला नाही.

हिवाळे यांनी ज्यांच्यावर लिहिले ते परधान हे गोंडांचे वंशगायक. ‘बाना’ वाजवीत ते आपल्या यजमानाच्या अंगणात येतात आणि त्याच्याच कुळाची कथा त्याला गाऊन दाखवतात. मी एकदा असे गायन ऐकले आहे. मध्येच एक नाव चुकले. ओसरीवरचा म्हातारा खाकरला. परधान थांबला, नाव सुधारले आणि पुढे गाऊ लागला. कोणाला त्यात अपमान वाटला नाही. मला तर ही प्रबंधाची खरी तोंडी परीक्षा वाटली, कारण परीक्षक तो होता ज्याच्याविषयी ते गायले जात होते.

मराठीत संशोधन म्हणजे नव्याचा शोध. हिंदीत त्याच शब्दाचा अर्थ दुरुस्ती. संसदेत विधेयकाला ‘संशोधन’ सुचवतात ते या अर्थाने. सीमेवर राहण्याचा एक फायदा असा की दोन्ही अर्थ आपल्या जिभेवर असतात. माझे म्हणणे इतकेच की दोन्ही एकत्र असल्याशिवाय काम पुरे मानू नये. आपल्या जिल्ह्यावर जो कोणी प्रबंध लिहील त्याने शेवटी दहा पाने साध्या हिंदीत, मराठीत, जमल्यास गोंडीत करावीत आणि ज्या गावात प्रश्न विचारले त्या गावात वाचून दाखवावीत. ‘अनिश्चित’च्या रकान्याबरोबर एक कोरी ओळ ठेवावी. तरुण संशोधकांवर मुदतीचे आणि नोकरीचे ओझे असते हे मी जवळून पाहिले आहे, त्यामुळे ही अपेक्षा त्यांच्यापेक्षा त्यांच्या मार्गदर्शकांकडून जास्त आहे.

दुसऱ्याला सांगण्याआधी आपण करावे म्हणून हा लेख घेऊन मी त्याच घरी गेलो. आजीबाई आता नाहीत. त्यांची सून होती. ‘टिकाऊ वस्तू महाग असली तरी घ्यावी’ या विधानावर आजीबाईंनी तेव्हा सांगितलेले आणि मी ‘अनिश्चित’ म्हणून संपवलेले उत्तर मी तिला वाचून दाखवले: “हाये, पन टिकाऊ म्हंजे का? पितळी गुंड असला त वाईट सालात गहान ठेवता येते गुर्जी. स्टीलचा कोन ठेवून घेते? पोरीच्या दुखन्यात ठेवला होता, मंग सोडवला.” शेठ यांच्या पाच मूल्यांत हे ओढूनताणून बसवता येईलही, पण भांडे हीच ज्या घराची बँक, त्या घराचा हिशेब त्यांत दिसणार नाही.

सुनेने ऐकून घेतले. मग हातातले काम बाजूला ठेवून म्हणाली, “दोनदा ठेवला होता गुर्जी. दुसऱ्या खेपेचा सुटला नाई. सासूबाईनं तुमाले ते सांगतलं नसन.”

तेव्हा वाचकांनी तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.